ग्रेपनेट, कंटेनर आणि क्लेम: पुरवठा साखळीतल्या संगणकाचा फायदा नक्की कोणाला?

निफाडकर (धागाकर्ता)

शेजारच्या एमबीएवाल्या धाग्यावर एक वाक्य वाचलं, "आयटीमुळे सप्लाय चेनमध्ये स्पर्धेत आघाडी मिळते." वाक्य चूक नाही, पण त्यातून हाती काहीच लागत नाही. आघाडी कोणाला, कोणावर आणि किती दिवस? तिथे विषय भरकटायला नको म्हणून वेगळा धागा काढतोय. मी द्राक्ष निर्यातीच्या कागदपत्रांचं काम करतो, त्यामुळे उदाहरणही द्राक्षाचंच.

आधी थोडा इतिहास. मार्च १९८९ मध्ये चिलीहून फिलाडेल्फियाला आलेल्या द्राक्षांपैकी दोन मण्यांत अमेरिकेच्या अन्न-औषध प्रशासनाला सायनाईड सापडलं. त्याआधी धमकीचे फोन आले होते. दोन मणी! पण बाकीचा माल ठीक आहे हे दाखवायला कोणाकडे काहीच नव्हतं, म्हणून चिलीची सगळीच फळं अमेरिकेतल्या दुकानांतून उतरवली गेली. ज्या शेतकऱ्याचा त्या जहाजाशी काडीचा संबंध नव्हता तोही त्यात भरडला गेला.

आपल्यावर तशी वेळ २००३ मध्ये आली. नेदरलँड्समध्ये भारतीय द्राक्षांत मेथोमिल आणि अ‍ॅसिफेट या कीटकनाशकांचे अंश मर्यादेपेक्षा जास्त सापडले आणि युरोपातले खरेदीदार आपल्या मालाचं नाव काढलं की नाक मुरडायला लागले. मग अपेडाने (शेतमाल निर्यातीचं काम बघणारी केंद्र सरकारची संस्था) रेसिड्यू म्हणजे औषधांच्या उरलेल्या अंशांच्या तपासणीचा कार्यक्रम आखला, पुण्याजवळच्या मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रातली प्रयोगशाळा त्याची संदर्भ प्रयोगशाळा झाली, आणि २००६ मध्ये हा सगळा कारभार ग्रेपनेट नावाच्या ऑनलाईन प्रणालीवर आला.

ज्यांना ग्रेपनेट माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. कृषी खात्याकडे प्लॉटची नोंदणी होते. शेतकऱ्याची नव्हे, प्लॉटची. एकाचे तीन प्लॉट असतील तर क्रमांकही तीन. काढणीच्या आधी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा माणूस स्वतः बागेत येऊन नमुना घेतो आणि अहवाल थेट प्रणालीत चढतो. प्लॉट पास झाला तरच पॅकहाऊसला (माल निवडून पेट्या भरतात ती जागा) त्या क्रमांकाचा माल निर्यातीसाठी दाखवता येतो. पुढे अ‍ॅगमार्कची (सरकारी दर्जाच्या शिक्क्याची) तपासणी, मग फायटोसॅनिटरी (माल रोग-किडीमुक्त असल्याचं) प्रमाणपत्र. प्रत्येक टप्पा आधीच्या टप्प्याला बांधलेला. फेल प्लॉटचा क्रमांक टाकला की काम तिथेच अडतं, मग तुमची ओळख वरपर्यंत का असेना.

उद्या रॉटरडॅमला एखाद्या पनेटमध्ये (दुकानात विकायच्या छोट्या डबीत) काही सापडलं तर पॅलेटवरच्या (पेट्या रचायच्या चौकटीवरच्या) बारकोडवरून पॅकहाऊस आणि तिथून थेट बाग, असा माग काढता येतो. पूर्वी भारताची द्राक्षं फेल व्हायची, आता अमुक क्रमांकाचा प्लॉट फेल होतो. २०२२-२३ मध्ये देशातून सुमारे २ लाख ६८ हजार टन द्राक्षं बाहेर गेली, किंमत अडीच हजार कोटींच्या वर, आणि त्यात सिंहाचा वाटा महाराष्ट्राचा, त्यातही नाशिक जिल्ह्याचा. ग्रेपनेट नसतं तर यातला युरोपचा वाटा टिकला असता का, मला शंका आहे. डाळिंबासाठी अनारनेट, आंब्यासाठी मँगोनेट, भाज्यांसाठी व्हेजनेट नंतर आलं ते उगाच नाही.

तर देशाला फायदा झाला, हे माझं मत. पण साखळीत शेतकरी, पॅकहाऊस, निर्यातदार, आयातदार, सुपरमार्केट एवढे जण आहेत. त्यांच्यात तो कसा वाटला गेला? तुमच्या धंद्यात काय दिसतं ते लिहा. व्याख्या नकोत, विकिपीडिया सगळ्यांकडे आहे.

शेंगदाण्याची_चटणी

वाचतेय. मर्यादा मर्यादा म्हणताय ती कोण ठरवतं आणि किती असते? आणि आपण इथे गाडीवरून घेऊन खातो त्या द्राक्षांचं काय?

निफाडकर

युरोपचा नियम आहे ३९६/२००५, सप्टेंबर २००८ पासून पूर्ण लागू. प्रत्येक औषधाला, प्रत्येक पिकात वेगळी मर्यादा. ज्याला ठरवलेली नाही त्याला सरसकट किलोला ०.०१ मिलिग्रॅम, म्हणजे शंभर टन द्राक्षांत एक ग्रॅम. त्यावर सुपरमार्केटवाले आपली फूटपट्टी लावतात. जर्मनीतल्या काही साखळ्यांना कायद्याच्या मर्यादेच्या एक तृतीयांशाच्या आतलाच माल लागतो, शिवाय एका नमुन्यात एकूण किती औषधं दिसलेली चालतील तेही त्याच ठरवतात.

इथल्या गाडीवरच्या द्राक्षांसाठी वेगळा धागा काढा, मी येतो भांडायला.

कुंपणावरचा

माहिती उत्तम, निष्कर्ष पटला नाही.

ग्रेपनेट तुमच्या पॅकहाऊसला आहे तसंच समोरच्यालाही आहे. जे सगळ्यांकडे आहे त्याने आघाडी कशी मिळेल? हे लायसन्स झालं. नसेल तर धंदा करता येत नाही, असेल म्हणून धंदा होतोच असं नाही. बारकोडचंच घ्या. २६ जून १९७४ ला ओहायोतल्या ट्रॉय गावी मार्श सुपरमार्केटमध्ये च्युइंगमचं पाकीट पहिल्यांदा स्कॅन झालं, तेव्हा ती आघाडी असेल. आज आमच्या कोपऱ्यावरचा वाणीसुद्धा स्कॅनर वापरतो, त्यामुळे त्याचा धंदा वाढलेला नाही, रांग तेवढी भराभर सरकते.

आणि देशाचं म्हणाल तर पेरूकडे बघा (देश, फळ नव्हे). द्राक्ष निर्यातीत त्यांनी गेल्या काही वर्षांत जी उडी मारली ती परवाना घेऊन लावलेल्या नव्या वाणांवर. युरोपच्या ग्राहकाला जाड सालीचा, करकरीत, मोठा मणी लागतो. आपल्याकडे अजून बऱ्याच बागा थॉमसन या जुन्या वाणाच्या. वाणात मागे पडल्यावर बारकोड काय करणार?

निफाडकर

वाणाचं शंभर टक्के मान्य. ग्रेपनेट म्हणजे लायसन्स, हेही मान्य. पण त्या प्रणालीत चढणाऱ्या अहवालात फक्त पास किंवा फेल नसतं, प्रत्येक औषधाचा आकडा असतो. फरक तिथे पडतो.

समजा दोन प्लॉट आहेत, दोन्ही पास. एकात चार औषधांचे अंश, सगळे मर्यादेच्या खूप खाली. दुसऱ्यात नऊ, आणि त्यातलं एक मर्यादेच्या सत्तर टक्क्यांवर. कायद्याने दोघांनाही युरोपचा रस्ता मोकळा. पण पहिला प्लॉट जर्मनीच्या कडक ग्राहकाला चालतो आणि दुसरा चालत नाही, त्याला दुसरा ग्राहक किंवा दुसरा देश बघावा लागतो. आता ज्या निर्यातदाराने सगळ्या प्लॉटचे हे आकडे एका जागी मांडलेत, शेजारी ब्रिक्स (साखरेचं प्रमाण), मण्याचा आकार, गोडी छाटणीची (फळासाठीच्या छाटणीची) तारीख आणि त्यावरून काढणीचा अंदाज लिहिलाय, तो मण्यात पाणी उतरतं (मणी मऊ पडून पिकायला लागतो) तेव्हाच ठरवतो की कुठला प्लॉट कोणाचा. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात अमुक सुपरमार्केटला अमुक पेट्या देतो, असं तो डिसेंबरात छातीठोकपणे सांगू शकतो. दुसरा निर्यातदार व्हॉट्सअ‍ॅपवर पीडीएफ फॉरवर्ड करत बसतो आणि कंटेनर भरायच्या दिवशी सकाळी फोनाफोनी करतो, "भाऊ, कुठला माल बसतोय?"

दोघांना सरकारी प्रणाली एकच. एकाने अहवाल फाईलला लावला, दुसऱ्याने त्यावरून विक्री आखली.

ईआरपी_पीडित

त्यात फक्त एक जोडतो. आकडे एका जागी मांडायच्या नादात घाई करू नका. अमेरिकेतल्या हर्शी चॉकलेटवाल्यांनी १९९९ मध्ये ११ कोटी २० लाख डॉलरची नवी संगणक प्रणाली जुलैमध्ये सुरू केली, हॅलोविनच्या ऑर्डरी यायच्या तोंडावर. सुमारे १० कोटी डॉलरच्या ऑर्डरी वेळेत पुरवता आल्या नाहीत. गंमत म्हणजे माल होता! गोदामात पडून होता, पण प्रणालीत त्या जागांची नोंद नव्हती, म्हणून संगणकाच्या लेखी तो नव्हताच.

आमच्याकडे ऐन दिवाळीत असंच झालं होतं. कंपनीचं नाव विचारू नका, अजून पगार तिथूनच येतो.

रॉटरडॅमची_पावसाळी

नमस्कार, बऱ्याच दिवसांनी लॉगिन केलं. मी नेदरलँड्समध्ये फळं आयात करणाऱ्या एका कंपनीत गुणवत्ता तपासणीत आहे. निफाडकरांनी कंटेनर भरेपर्यंतचं लिहिलंय, मी दार उघडल्यानंतरचं लिहिते.

दार उघडलं की आम्ही आधी द्राक्षं बघत नाही, लॉगर शोधतो. तळहातावर मावेल एवढं यंत्र, पॅलेटला लावलेलं, ठरावीक मिनिटांनी तापमान नोंदवत आलेलं. साधे असतात ते संगणकाला जोडून वाचायचे, सिमकार्डवाले असतात ते रेंजमध्ये आले की स्वतःच कळवतात.

चांगल्या कंटेनरचा आलेख अगदी कंटाळवाणा, शून्य अंशाच्या जवळून चाललेली सपाट रेघ. वाईट कंटेनरची रेघ पाच-सहा अंशांवर सुरू होते आणि रडतखडत कित्येक दिवसांनी खाली येते. म्हणजे काय झालं? गाडी दारात उभी होती, बंदराची वेळ चुकत होती, म्हणून प्रीकूलिंग (भरण्याआधी माल थंड करणं) अर्धवट सोडून माल भरला. रीफर (शीत) कंटेनर थंड माल थंड ठेवतो. गरम माल थंड करायला तो बनवलेलाच नाही. पॅलेटच्या मधल्या पेट्या आतून उबदारच राहतात, पिशवीत पाणी सुटतं, त्या ओलाव्याने एसओटूचा (बुरशी रोखायला पेटीत ठेवलेला सल्फर डायऑक्साईडचा) पॅड एकदम सगळा गॅस सोडतो, मणी देठाकडून पांढरे पडतात. मग गॅस संपला की बोट्रायटिस बुरशीला रान मोकळं. हे सगळं मला पेटी उघडायच्या आधी त्या रेघेवरून कळलेलं असतं. पेटी उघडून फक्त खात्री करायची.

पूर्वी क्लेमचं (खराब मालाच्या भरपाईचं) भांडण तोंडी चालायचं, असं इथले जुने लोक सांगतात. निर्यातदार म्हणणार माल एक नंबर होता, जहाजवाल्यांनी घोळ घातला. जहाजवाले म्हणणार आमचं मशीन ठीक आहे. आणि शेवटी कापलं कुठून जायचं, तर शेतकऱ्याच्या पट्टीतून. आता पुरावा आहे. पण लॉगर कोणाचा, हे विचारा. बहुतेक वेळा आयातदार सांगतो तो बसवला जातो आणि आलेख आयातदाराच्या स्क्रीनवर आधी उघडतो. निर्यातदाराला क्लेमच्या ईमेलबरोबर मिळतो, शेतकऱ्याला कधीच नाही. हल्ली काही निर्यातदार स्वतःचा दुसरा लॉगर आत टाकतात. त्यांच्याशी बोलताना आमचे लोक जरा जपून आकडे बोलतात, एवढंच सांगते :)

२०२३ च्या शेवटी तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि २०२४ चा हंगाम केप ऑफ गुड होपला वळसा घालून आला. प्रवास दोन आठवड्यांच्या आसपास लांबला. जहाज कुठे आहे हे एआयएसवर (जहाजांची जागा दाखवणाऱ्या यंत्रणेवर) कोणालाही दिसत होतं, त्यात आघाडी कोणालाच नव्हती. पण ज्यांच्याकडे आधीच्या हंगामांचे आलेख जपून ठेवलेले होते त्यांना कुठल्या पॅकहाऊसचा माल एवढे दिवस काढेल आणि कुठला नाही याचा अंदाज होता. त्यांनी तसंच भरलं.

निफाडकर

पावसाळी, हे सोन्यासारखं आहे. आमच्याकडे प्रीकूलिंगची वेळ पाळण्यावरून दर हंगामात भांडणं होतात, त्या भांडणात हे वाचून दाखवणार.

चाकणचा_व्हेंडर

माल वेगळा, दुखणं तेच. आमचं छोटं मशीन शॉप आहे, एका मोठ्या गाड्यांच्या कंपनीला पार्ट पुरवतो. नाव नको.

त्यांचं सप्लायर पोर्टल आहे. आम्ही माल पाठवायच्या आधी त्यावर एएसएन (काय आणि किती माल येतोय याची आगाऊ सूचना) टाकायचा, त्यातून निघालेलं लेबल प्रत्येक बिनला (पार्टच्या खोक्याला) चिकटवायचं, गेटवर ते स्कॅन होणार. लेबल ओलं झालं, फाटलं, स्कॅन झालं नाही की टेम्पो बाहेर. ड्रायव्हर फोन करतो, आम्ही परत प्रिंट काढून मोटरसायकलवर पोरगा पाठवतो. उशीर झाला आणि लाईन थांबली तर डेबिट नोट (आमच्या बिलातून पैसे कापल्याची चिठ्ठी) आमच्या नावावर. इथपर्यंत ठीक आहे, शिस्त लागली, चुकीचा पार्ट जायचं बंद झालं, हे प्रामाणिकपणे सांगतो.

पण खरी गोष्ट पुढे आहे. पोर्टलवर महिन्याचं शेड्यूल दिसतं. दर आठवड्याला ते बदलतं, कधी परवाचंही बदलतं. त्यांचा पार्टचा साठा काही तासांवर आला, याचं त्यांच्या प्रेझेंटेशनमध्ये कौतुक असतं. तो साठा नाहीसा झालेला नाही हो, तो आमच्या शेडमध्ये आलाय. शेड्यूल कधीही वाढेल या भीतीने आम्ही दोन आठवड्यांचा माल करून ठेवतो. त्यावरचं बँकेच्या सीसीचं (कॅश क्रेडिट कर्जाचं) व्याज आमचं. दर संध्याकाळी आमचा साठा आम्ही पोर्टलवर भरायचा, पण त्यांच्या डीलरकडे किती गाड्या उभ्या आहेत हे आम्हाला दिसणार नाही. ते दिसलं असतं तर शेड्यूल कधी पडणार ते पंधरा दिवस आधी कळलं असतं आणि कच्चा माल तरी कमी मागवला असता.

ऑपरेशन्सचे_मास्तर

व्हेंडरसाहेब, तुमच्या दुखण्यावर वर्गात मी दोन तास घेतो. प्रॉक्टर अँड गँबलला ते डायपरच्या धंद्यात दिसलं होतं. बाळं रोज साधारण सारखेच डायपर वापरतात, दुकानातली विक्री फारशी हलत नाही. तरी वितरकाच्या ऑर्डरी वरखाली, आणि कंपनीने कच्च्या मालाच्या दिलेल्या ऑर्डरी त्याहून वरखाली. कारण प्रत्येक जण आपल्या खालच्याची ऑर्डर बघून अंदाज बांधतो, आणि भीतीपोटी थोडी जास्त टाकतो. याला बुलव्हिप म्हणतात. साखळीत जितकं मागे जाल तितका झटका मोठा, आणि छोटा व्हेंडर सगळ्यात मागे.

वॉलमार्टने यावर जे केलं ते सगळ्या पुस्तकांत येतं, पण त्यातलं मर्म बऱ्याचदा सुटतं. १९८७ मध्ये त्यांचं स्वतःचं उपग्रह जाळं उभं राहिलं. १९९१ मध्ये रिटेल लिंक आलं, आणि पुरवठादाराला आपला माल कुठल्या दुकानात किती खपला ते दिसायला लागलं. तेव्हाचे बहुतेक दुकानदार विक्रीचा आकडा तिजोरीतल्या ऐवजासारखा सांभाळत. वॉलमार्टने तो दाखवला. दानधर्म म्हणून नव्हे, आकडा दाखवला की साठ्याची जबाबदारी पुरवठादाराच्या गळ्यात घालता येते म्हणून. भावाच्या बाबतीत त्यांनी पुरवठादारांना पिळलं ते पिळलंच. पण तुमच्या पोर्टलमध्ये आणि त्यात हा फरक आहे: तुम्हाला जबाबदारी मिळाली, आकडा मिळाला नाही.

आणि कुंपणावरच्यांच्या बाजूने एक मुद्दा. वॉलमार्टच्या प्रतिस्पर्धी केमार्टनेही संगणकांवर भरपूर पैसा ओतला होता. जानेवारी २००२ मध्ये त्यांनी दिवाळखोरीचा अर्ज केला.

डबा_गरम_आहे

एवढे प्रतिसाद आले आणि अजून डबेवाले आले नाहीत? मराठी धाग्याची परंपरा मोडताय.

कुंपणावरचा

आले, बसा. डब्याच्या झाकणावरची खूण म्हणजे माहिती मालाबरोबरच प्रवास करते, वेगळा संगणक लागत नाही, हा मुद्दा खरोखर चांगला आहे. पण रोज तोच डबा, तेच घर, तेच ऑफिस. द्राक्षाची बाग दर वर्षी वेगळी वागते. चला पुढे.

दिंडोरीचा_बागायतदार

सगळे ऑफिसात बसून बोलताय म्हणून बागेतलं सांगतो.

२०१० आठवतंय का कोणाला? ग्रेपनेट होतं. प्लॉट नोंदलेले होते, नमुने पास होते. आणि युरोपात कंटेनर अडकले. कशामुळे, तर क्लोरमेक्वाट क्लोराईड, आपण सीसीसी म्हणतो ते. वेलीची वाढ आवरायला सर्रास वापरायचे. तपासायच्या यादीतच ते नव्हतं. प्रयोगशाळेने शोधलं नाही म्हणून संगणकाने सांगितलं नाही. तिकडच्यांनी शोधलं. पुढे ते यादीत आलं, पण त्या हंगामात ज्यांचे पैसे बुडाले ते बुडालेच. माग काढायची सोय असल्यामुळे दोष मात्र बरोबर आमच्या सातबाऱ्यापर्यंत आला. पैसे यायला तो रस्ता कोणाला सापडला नाही.

दुसरं. फवारणीची वही ऑडिटच्या आदल्या रात्री एका बैठकीत, एका पेनाने लिहिली जाते हे निफाडकरांना माहीत असणार, बोलणार नाहीत. आता वहीच्या जागी अ‍ॅप आलं. आता ऑडिटच्या आदल्या रात्री अ‍ॅप भरतात. पहाटे ब्लोअर (ट्रॅक्टरमागचं फवारणी यंत्र) चालवणारा गडी हातमोजे काढून मोबाईलवर औषधाचं नाव टाइप करेल, असं ज्याला वाटतं त्याने एकदा ट्रॅक्टरवर बसावं.

पण मी संगणकाच्या विरोधात नाही. आमच्या गटाने बागेत हवामान केंद्र बसवलं. पान किती तास ओलं राहिलं, रात्रीचं तापमान काय, यावरून डाऊनी (केवडा) रोगाचा धोका मोबाईलवर कळतो. पूर्वी आभाळ आलं की शेजारच्याचा ब्लोअर ऐकून आपणही फवारणी काढायची. आता आकडा बघून थांबतो. फवारणी वाचली की खर्च वाचतो आणि रिपोर्टमध्ये औषधंही कमी दिसतात. त्या केंद्राच्या नोंदी मला कोणी सांगावं लागत नाही, मीच रोज सकाळी बघतो आणि फवारणीही तिथेच लिहितो, कारण पुढचा अंदाज त्यावर येतो. ज्याचा मला उपयोग ते मी खरं भरतो. ज्याचा फक्त साहेबाला उपयोग ते साहेबाला पाहिजे तसं भरतो. सरळ आहे.

ऑपरेशन्सचे_मास्तर

शेवटची तीन वाक्यं उद्या फळ्यावर लिहीन. नाव कोणाचं टाकू?

दिंडोरीचा_बागायतदार

एक शेतकरी लिहा.

पंचगंगाकाठची

दुधाचं लिहिते, आमच्या घरी चार म्हशी होत्या. पूर्वी संस्थेत दूध घातलं की मापाने मोजायचे, फॅट नंतर कळायची, आणि ती दर वेळी कमीच निघायची. नंतर इलेक्ट्रॉनिक काटा आणि फॅटचं मशीन आलं. किटली ठेवली की वजन समोर, नमुना घातला की फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) समोर, लगेच पावती. त्या पावतीवर माझ्या सासूबाई सचिवाशी भांडायच्या आणि जिंकायच्या. मशीन नीट कॅलिब्रेट केलंय का हा वाद आजही आहे, काटा मारणारे आजही आहेत. पण आकडा दोघांना एकाच वेळी दिसतो, हे द्राक्षवाल्यांकडे नाही असं वरचं वाचून वाटलं. संस्थेचा तोटा झाला नाही, उलट चांगल्या फॅटचं दूध बाहेर खाजगी डेअरीला जायचं ते परत संस्थेत यायला लागलं.

कुंपणावरचा

आता मला माझा पहिला प्रतिसाद थोडा दुरुस्त करावासा वाटतोय. यंत्र सगळ्यांना मिळतं, त्यामुळे यंत्राने आघाडी नाही, हे कायम. पण पंचगंगाकाठच्या संस्थेला दूध परत मिळालं ते आकडा उघडा ठेवल्यामुळे. हे विकत मिळत नाही, आणि स्पर्धकाला मशीनसारखं दुसऱ्या दिवशी आणूनही बसवता येत नाही, कारण त्याची काटा मारायची सवय सुटायला हवी. निफाडकर, तुमचे निर्यातदार शेतकऱ्याला औषधांचे आकडे देतात का?

निफाडकर

खरं सांगायचं तर सगळे देत नाहीत. नमुन्याचे पैसे निर्यातदाराने भरले की अहवाल त्याच्या फाईलला. शेतकऱ्याला सांगतात "पास झालाय" किंवा "फेल झालाय". आकडे दिले तर तो ते घेऊन दुसऱ्या निर्यातदाराकडे जास्त भाव मागेल, ही भीती. भीती खोटी नाही, जातातही. पण माझ्या पाहण्यात जे आकडे देतात, समोर बसवून "हे औषध पुढच्या वर्षी पाणी उतरल्यावर मारू नकोस" असं सांगतात, त्यांचे प्लॉट वर्षानुवर्षं त्यांच्याकडेच राहतात आणि जर्मनीत बसतील असे प्लॉट त्यांच्याकडे दर वर्षी वाढतात. भावात किलोमागे दोन रुपये कमी देऊनही शेतकरी टिकतो, कारण पैसे बुडणार नाहीत याची खात्री असते.

दिंडोरीचा_बागायतदार

दोन रुपये कमी का म्हणून?

निफाडकर

तो वेगळा धागा होईल दादा.

दिंडोरीचा_बागायतदार

काढतोच. पण आधी कामाचं विचारतो. आमच्या गटाने या वर्षी नमुन्याचे पैसे स्वतः भरले तर अहवाल आमच्या हातात येईल ना?

निफाडकर

प्रयोगशाळेला अर्ज आणि पैसे तुमचे असतील तर अहवाल तुम्हाला मिळायला हवा, तसं आधीच लिहून घ्या. खर्च गटात वाटून घ्या. फक्त नमुना घाई करून लवकर काढू नका. त्यानंतर एखादी फवारणी झाली तर त्या आकड्यांना अर्थ उरणार नाही, आणि पाच निर्यातदार ते कारण पुढे करून भाव पाडतील.

रॉटरडॅमची_पावसाळी

आणि लॉगरचं. करारात एक ओळ घालून घ्या, तापमानाचा आलेख माल पोचल्याच्या दिवशीच उत्पादकालाही पाठवायचा. आमच्या बाजूने त्यात अडचण काही नाही, यादीत एक ईमेल पत्ता वाढतो. आजवर कोणी मागितलं नाही म्हणून कोणी पाठवला नाही. गट मोठा असेल तर प्रत्येक कंटेनरला स्वतःचा एक साधा लॉगर टाका. मागच्या दाराजवळच्या पॅलेटला नको, मधल्या पॅलेटला, पेटीच्या आत. दाराजवळ हवा वेगळी असते, तिथल्या आकड्यावर आमचे लोक वाद घालतात.

दिंडोरीचा_बागायतदार

मधल्या पॅलेटला, पेटीच्या आत. लिहून घेतलं. कुठल्या प्रकारचा लॉगर घ्यायचा आणि कितीला पडतो ते व्यनि करा ताई.

चाकणचा_व्हेंडर

डीलरकडच्या उभ्या गाड्या मोजायला आमच्याकडे असं काही टाकता येतं का हो?

ईआरपी_पीडित

येतं. रविवारी शोरूमच्या मागच्या यार्डावरून एक चक्कर मारा.